दोरी हलतेय ना?

तारीख ४, मंगळवार

दिवसभर मी कंपनीच्या वहीत एकच शब्द लिहितो. ठीक. आठ दहाला ठीक, आठ वीसला ठीक, साडेआठला ठीक. टाकीच्या आत माणूस गाळ काढत असतो, मी बाहेर भोकाशी त्याची दोरी धरून उभा, आणि दर दहा मिनिटांनी तो ठीक आहे असं लिहायचं. आठवी नापास माणसाला याहून सोपं लिखाण कुठे मिळणार? पण रोज पंचवीस-तीस वेळा ठीक लिहिलं की जे ठीक नाही ते डोक्यात साचत जातं, टाकीतल्या गाळासारखं. म्हणून कॅन्टीनच्या दुकानातून ही दुसरी वही आणली.

आत जातात ते माझे दाजी. ताईचा नवरा. मी गावात तीन कामं धरली, तिन्ही सोडली, तेव्हा त्यांनी मला इथे, इतक्या लांब, आपल्याबरोबर आणलं. निघताना ताईने मलाच सांगितलं, "यांना सांभाळ." दाजी हसून हसून बेजार. म्हणाले, "अगं, याला सांभाळायला मी चाललोय, आणि तू कोणाला काय सांगतेस?"

तेलाच्या टाक्या आहेत, तीन मजल्यांएवढ्या उंच. वर चढून भोकातून शिडीने आत उतरायचं, पाइपच्या पाण्याने तळाचा गाळ सोडवायचा. पहिल्या दिवशी साहेबांनी आम्हा नव्या लोकांना तासभर सांगितलं. त्यातलं मला एवढंच आठवतं, की गाळ ढवळला की विषारी वायू सुटतो, आणि एक जण आत पडला की त्याला काढायला उतरलेले दोघे-तिघे मरतात. म्हणून बाहेरच्याने बाहेरच राहायचं. बाकी वेळ मी खिडकीतून क्रेन बघत होतो.

आत आवाज पोचत नाही, पंख्याचा आणि पंपाचा कल्लोळ असतो. म्हणून दोरी. आतल्याच्या पट्ट्याला पाठीमागे कडी, कडीला दोरी. जुने लोक एकच गोष्ट शिकवतात : दोरी हलतेय ना? मग माणूस हलतोय.

खरं सांगायचं तर मी एका जागी उभा राहणारा माणूस नाही. दोरी कठड्याला बांधायची, चार ठीक एकदम लिहून टाकायचे आणि खाली उतरून गेटपर्यंत एक चक्कर मारून यायची. कोणाला कळत नाही.

तारीख ९, रविवार

सुट्टी. खोलीत आम्ही तिघं. मी, दाजी, आणि दाजींचा शाळेपासूनचा मित्र, त्याला सगळे पैलवान म्हणतात. कुस्ती कधी खेळलेला नाही, नुसता तसा दिसतो. तो पंपावर असतो. ताईला वहिनी म्हणतो आणि माझ्या तक्रारी तिला फोनवर इमानेइतबारे पोचवतो.

दुपारी जेवून पडलो होतो. पैलवान मोबाइलवर काहीतरी लावून बसला, आणि अचानक ती धून वाजली. ती तारायानाची मालिका! मी सहा-सात वर्षांचा असताना शेजारच्या काकूंकडे लागायची. त्यातला एक भाग मी अर्धाच बघितला होता. अर्ध्यातून पळालो आणि घरी येऊन खाटेखाली शिरलो. ताईने शेवटपर्यंत बघितला आणि मग खाटेशी उकिडवी बसून मला शेवट सांगितला, तेव्हा मी बाहेर आलो.

पैलवानला म्हटलं, "तो भाग शोध ना, ज्यात एक माणूस दोरीला बांधून दुसऱ्या यानात जातो."

"सगळेच दोरीला बांधून जातात रे," म्हणाला. पण शोधला.

आधी तिघंही हसलो. यान पुठ्ठ्याचं. दार आपटलं की भिंत हलते. कप्तानाच्या बुटाची शिवण उसवलेली. दाजी म्हणाले, "याच्यापेक्षा आपली टाकी बरी." पैलवान म्हणाला, "कप्तान आपल्या न्हाव्यासारखा दिसतो, फक्त याला केस आहेत."

मग तो प्रसंग आला. अंधारात एक रिकामं यान तरंगतंय. मिस्त्री दोरी बांधून त्यात शिरतो. कप्तान दाराशी दोरी धरून उभा. मिस्त्रीचा आवाज येत राहतो, "सगळं ठीक आहे." मग बारीकसा खोकला. पुन्हा थोड्या वेळाने, "सगळं ठीक आहे." लहानपणी मी इथेच पळालो होतो. का, ते आठवत नव्हतं. आज कळलं. खोकला दर वेळी तोच होता. तसाच, तेवढाच. कप्तानाला ते फार उशिरा उमगतं. मिस्त्री पहिल्याच मिनिटाला मेलेला असतो. ते यानच त्याचा आवाज पुन्हा पुन्हा पाठवत असतं. कप्तान आत जात नाही. दोरी कापतो आणि कापलेलं टोक हातात घेऊन नुसता उभा राहतो. संपलं.

ताईने सांगितलेलं वेगळं होतं. तिने सांगितलं होतं की कप्तान उडी मारून आत गेला, मिस्त्रीला खांद्यावर टाकून घेऊन आला, मग सगळे जेवायला बसले.

पैलवान म्हणाला, "काय फालतू शेवट. जायचं ना आत!" दाजी घोरत होते.

तारीख १०, सोमवार

आज गेटपर्यंत गेलो नाही. गेलोच नाही असं नाही, निघालो होतो, दोन पायऱ्या उतरलो आणि परत आलो. दोरी सोडवत नाही. सकाळभर तिच्याकडे बघत बसलो. ती थांबली की माझा श्वास थांबतो. हलली की सुटतो. असं किती दिवस चालणार?

वहीत ठीक लिहिताना आज पहिल्यांदा वाटलं, हे मी कशावरून लिहितोय?

संध्याकाळी ताईला फोन केला. विचारलं, "त्या भागाचा शेवट तू खोटा का सांगितलास?"

तिला आधी कळेचना. मग म्हणाली, "वीस वर्षांनी हे विचारायला फोन केलास? तू खाटेखालून निघत नव्हतास. आई मला ओरडत होती. काय सांगायला हवं होतं, की मेला तो?"

"हो."

"शहाणाच आहेस. यांनी औषध घेतलं का सर्दीचं?"

तारीख ११, मंगळवार

आज तोंडावर पडलो.

दहाच्या सुमारास दोरी थांबली. मी मनात आकडे मोजले. शंभर झाले, दीडशे झाले. मी दोनदा ओढून बघितली, उत्तर नाही. दोनशेला मी गळ्यातली शिट्टी वाजवली. शिट्टी वाजली की भोंगा होतो, भोंगा झाला की सगळं आवार थांबतं. क्रेन थांबल्या, साहेब चहा टाकून पळत आले, सुटकेसाठी ठेवलेले मुखवटेवाले पाठीवर हवेच्या बाटल्या चढवून निम्म्या शिडीपर्यंत आले. आणि भोकातून दाजींचं डोकं वर आलं. काळं, गाळाने माखलेलं, डोळे तेवढे पांढरे.

"काय झालं?" त्यांनीच विचारलं.

ते आत दोन-चार मिनिटं बसले होते. पाठ धरली म्हणून.

साहेब मला रागावले नाहीत, म्हणाले, "वाजवली ते बरोबर केलं." पण खाली जमलेले साठ-सत्तर जण हसत होते ते बंद होईना. संध्याकाळपर्यंत माझं नाव शिट्टी पडलं. पैलवान म्हणाला, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस! आणि तोही पुठ्ठ्याचा!"

दाजी खोलीवर आल्यावर बोलले. "मेव्हण्या, मी अकरा वर्षं टाक्यांत उतरतोय. आज पहिल्यांदा माझ्यासाठी भोंगा झाला. उद्या मला कोणी आत पाठवेल का? म्हणतील, याचं वय झालं, हा आत बसतो."

मी म्हटलं, "दोरी हलत नव्हती, दाजी."

"हलेल," म्हणाले. "उद्यापासून तुझी दोरी थांबणारच नाही. मग तर झालं?"

तारीख १२, बुधवार

आज दोरी एकदाही थांबली नाही. खरंच. सकाळपासून माझ्या हातात जिवंत होती. जेवणाच्या सुट्टीत दाजी वर आले तेव्हा मी म्हटलं, "दाजी, बरं वाटलं." त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. "बघ, सासुरवाडीच्या माणसासाठी काय काय करावं लागतं." माणूस रागावतो पण मनाने मोठा आहे. माझ्या जिवाला घोर नको म्हणून आत सतत हालचाल करत राहायची, हे काय थोडं आहे?

आज पहिल्यांदा नीट जेवलो.

तारीख १३, गुरुवार

दाजी दवाखान्यात आहेत. श्वास मशीनवर चालू आहे. अक्षर लागत नाही.

तारीख १४, शुक्रवार

लिहून काढतो, नाहीतर डोक्यात तेच फिरत राहील.

काल सकाळी सात नंबरची टाकी. दाजी आठला आत गेले. दोरी छान हलत होती. ऊन पडलं होतं, मी निवांत होतो. गेटपर्यंत जाऊन यावं असंसुद्धा मनात आलं. साडेनऊचा ठीक लिहिला आणि वही मिटताना हाताकडे लक्ष गेलं. दोरी दोन हिसके देत होती, मग थांबत होती. दोन हिसके, थांबणं. दोन हिसके, थांबणं. मी मोजायला लागलो, उगाचच, चाळा म्हणून. थांबणं दर वेळी सारखंच. चारच आकडे. एकदा तरी पाच व्हावेत, तीन व्हावेत. माणूस गाळात चालताना घसरतो, खाजवतो, शिंकतो. दाजींना तर सर्दी होती.

मला तो खोकला ऐकू आला. तसाच, तेवढाच.

आणि तरीसुद्धा मी शिट्टी वाजवली नाही. हे इथे लिहिलंच पाहिजे. शिट्टी ओठात धरली आणि खालचे साठ-सत्तर जण डोळ्यांसमोर आले. दाजींचा चेहरा आला. उद्या मला कोणी आत पाठवेल का? दोरी हलतेय, मग कशाला? किती वेळ गेला ते मला माहीत नाही. एक मिनिट असेल. तीन असतील. मग मी दोरी जोरात वर ओढली. माणूस असता तर जड लागली असती, त्याने उलट ओढली असती, शिवी दिली असती. ती थोडी सैल आली आणि कशाला तरी अडकून पुन्हा हिसके देऊ लागली. दोन, आणि थांबणं.

तेव्हा वाजवली. फुफ्फुसं फुटतील इतकी वाजवली.

खाली कोणीतरी ओरडलं, "शिट्टी वाजली रे परत!" हसले. पण पैलवानने वर बघितलं, आणि माझा चेहरा बघून तो शिडी चढत आला. एवढा जड माणूस, पण माकडासारखा आला. भोकातून खाली बॅटरी मारली. दाजी तळाशी पालथे होते, चेहरा एका बाजूला. दोरीची कडी त्यांच्या पट्ट्याला नव्हतीच. पाण्याच्या पाइपला अडकवलेली होती. पंप चालू असला की पाइप उड्या मारतो, त्याच उड्या दोन दिवस माझ्या हातात येत होत्या. आत ताजी हवा सोडणारी पंख्याची कापडी नळी शिडीपाशी मुडपून चपटी झाली होती.

पैलवानने पाय आत टाकला. म्हणाला, "हो बाजूला!"

मी बाजूला झालो नाही. मी त्याच्या मांड्यांना मिठी मारली. विचार करून नाही. मला एकट्याला त्या भोकाशी सोडून तोही खाली जाईल, मग मी त्या काळ्या तोंडाकडे बघत एकटा उभा राहीन, एवढीच भीती होती. त्याने मला लाथ घातली, ओठ फुटला. "तुझ्या बहिणीचा नवरा आहे तो! सोड, भेकडा!" मी सोडला नाही. तो ओढत होता, मी लटकून होतो. दोघंही रडत होतो, हे मला आत्ता लिहिताना आठवलं.

मुखवटेवाले आले. त्यांनी आम्हाला उचलून बाजूला टाकलं. दोघे बाटल्या लावून उतरले. सात मिनिटांत दाजींना वर काढलं. ओठ निळे होते.

मी आत गेलो नाही. माझ्या ताईचा नवरा तीन मजले खाली पडला होता, शिडी माझ्या पायाशी होती, आणि मी गेलो नाही. शिवाय जो जात होता त्यालाही जाऊ दिलं नाही.

तारीख १६, रविवार

मशीन काढलं. डोळे उघडले. नर्स म्हणाली, धोका टळला.

पैलवान माझ्याशी बोलत नाही. त्याची खाट त्याने भिंतीकडे वळवली.

ताईला दवाखान्यातून रोज फोन करतो. तिला एवढंच सांगितलंय की गुदमरले होते, आता बरे आहेत. बाकीचं मी सांगितलं नाही.

तारीख १९, बुधवार

साहेबांनी बोलावलं. सोबत एक मोठ्या बाई होत्या, चौकशीच्या. वही पुढे ठेवली. म्हणाल्या, "नऊ तीसला ठीक लिहिलंय. त्या वेळी तो ठीक होता का?"

"माहीत नाही."

"मग का लिहिलंस?"

"दोरी हलत होती."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि त्या वाक्याखाली रेघ मारली. मग पैलवानला का अडवलं, ते विचारलं. मी खरं सांगितलं, भीती वाटली. साहेब आणि बाई एकमेकांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता काढून टाकतात. बाई म्हणाल्या, "जा, जेवून घे." एवढंच. बहुतेक निकाल नंतर कळवतील.

तारीख २२, शनिवार

दाजी उशीला टेकून बसले. आवाज घोगरा झालाय. मी गेलो तर डोळे मिटून घेतले. मग स्वतःच म्हणाले, "कडी मीच लावली होती पाइपला."

"माहीत आहे, दाजी."

"तुला गप्प करायला लावली होती. तुला गप्प करायच्या नादात मीच कायमचा गप्प झालो असतो." हसायला गेले तर खोकला आला. मी दचकलो. खोकला दोनदा आला, वेगवेगळा. इतकं बरं वाटलं.

मग त्यांनी विचारलं, मला कसं कळलं. मी त्या भागाबद्दल सांगितलं. म्हणाले, "त्या दिवशी मी झोपलो होतो. दाखव."

दवाखान्याच्या खाटेवर दोघांनी एका मोबाइलवर पाहिला. पुठ्ठ्याची भिंत हलली तरी या वेळी कोणी हसलं नाही. कप्तान टोक हातात घेऊन उभा राहिला तिथे दाजींनी थांबवायला लावलं. म्हणाले, "आतल्याला काही कळत नाही रे. मला शिडी आठवते, मग थेट हे छत. मधलं काहीच नाही. न दुखणं, न भीती. मधलं सगळं बाहेरच्याच्या वाट्याला येतं."

त्यांना कोणी सांगितलं नसावं की बाहेरचा नुसता लटकून होता.

तारीख २४, सोमवार

व्हायचं ते झालं. पैलवानने ताईला सगळं सांगितलं. तो अजूनही तिच्याशी फोनवर बोलतो, माझ्याशी नाही.

तिचा फोन दुपारी आला. आवाज सपाट होता. "पैलवानभावजी सांगतात ते खरं का?"

"काय सांगतो?"

"तू शिडीशी होतास. यांना बघितलंस. आणि उतरला नाहीस."

"हो."

"भावजी उतरत होते, त्यांना धरून ठेवलंस. ओठ फुटला तरी सोडलं नाहीस."

"हो ताई. मी भ्यालो. पाय उचलेनात."

फोन कटला असं वाटून मी कानापासून काढून बघितला. मिनिटं मोजतच होता. तिकडून एक भांडं पडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, आणि आवाज अगदी आमची आई रागवायची तसा होता, "ऐक. पुढेसुद्धा असाच भी. कधीही आत जायचं नाही. कोणासाठी नाही. यांच्यासाठीसुद्धा नाही. कळलं?"

मी कळलं म्हणालो. कळलं नाही. तिला माझी इतकी लाज वाटली असेल की तिने आशाच सोडली असेल, असं वाटतं. तिने पुढे काही विचारलं नाही, दाजींच्या गोळ्यांच्या वेळा तेवढ्या लिहून घेतल्या आणि ठेवला.

संध्याकाळी साहेबांनी उद्याची कामं वाचून दाखवली. पंपावर नवा माणूस आलाय, म्हणून चार नंबरच्या टाकीत पैलवान उतरणार. बाहेर मी. मी म्हटलं, साहेब, तो माझ्याशी बोलत नाही, दुसरा कोणी द्या. साहेब म्हणाले, "मी नाही ठरवलं. त्यानेच तुझं नाव सांगितलं. दुसरा नको म्हणाला."

का सांगितलं, ते विचारायला त्याच्या खाटेशी दोनदा गेलो. पाठ करून झोपला होता. उद्या आठ वाजता त्याला उतरायचंय. शिट्टी मी आत्तापासून गळ्यात घालून ठेवलीय.